अंगाईची शेवटची फेरी

“ब्रेक मारायचा नसतो बाबा. ब्रेकला सांगायचं असतं, हळूच. मागं कुणीतरी झोपलेलं असतं.”

डेपोत नवा ड्रायव्हर आला की सिस्टरचा नवरा त्याला शेजारी बसवून पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचा. जेवताना हेच वाक्य तो तिलाही ऐकवायचा, जणू उद्या तीही बस काढणार होती. दुरुस्तीच्या दुकानात काउंटरशी उभी असताना तिला तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. अडीच वर्षांपूर्वीचा, प्रत्येक अक्षर पूर्ण असलेला.

“ताई, लक्ष कुठंय? मी विचारतेय, ग्राफिक्स कार्ड हवंय कशाला?”

दुकानवालीने अंबाड्यात खोचलेला स्क्रू-ड्रायव्हर उपसला आणि कॉम्प्युटरचा डबा आडवा केला. तो डबा सिस्टरने भाजीच्या चाकांच्या पिशवीतून, चादरीत गुंडाळून आणला होता. बाळंतिणीला घरी सोडावं तसा.

“मिस्टरांना बस चालवायची असते,” सिस्टर म्हणाली. “म्हणजे खेळातली. लेकीने चाक दिलंय, खाली पायाला पेडल आहेत. जावयाच्या जुन्या सामानातलं.”

“मग बरंय की!”

“बरं होतं. पण बस अडखळते. स्टॉप आला, वळण आलं, की गचका देते. हे कार्ड घातलं तर थांबेल का ते?”

दुकानवालीने झाकण उघडून आत जोरात फुंकर मारली. धुळीचा एक लोट उठला, दोघीही शिंकल्या.

“हे बघा, आत्ता यात एकच मेंदू आहे. हिशोबही त्यानेच करायचा आणि चित्रंही त्यानेच रंगवायची. एकटी बाई घरातलं सगळं बघते तसं. स्टॉपवर माणसं, झाडं, दुकानं एकदम आली की त्याची तारांबळ होते. कार्ड म्हणजे चित्रांपुरती वेगळी जाऊबाई. पण स्वस्तातलं कार्ड आहे, आणि डबा तुमचा म्हातारा. जाऊबाई कितीही चपळ असली तरी सासू सावकाश, काय समजलात? घेण्यासारखं आहे का म्हणाल, तर मी शपथेवर सांगणार नाही.”

“मला फक्त एवढंच कळायला हवंय,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली, “गचका मशीनचा आहे, की त्यांच्या पायाचा.”

दुकानवालीचा हात थांबला.

“उजवी बाजू गेली होती,” सिस्टर म्हणाली. “आता चालतात. बोलतात, पण शब्द शोधत. आणि ब्रेक उजव्याच पायाने लावायचा असतो.”

डेपोत तिच्या नवऱ्याला कुणी नावाने ओळखत नसे. त्याचं नाव पडलं होतं अंगाई. त्याच्या बसमध्ये बसलेला माणूस तिसऱ्या स्टॉपपर्यंत पेंगायचा आणि सातव्यापर्यंत घोरायचा. तक्रारवहीत एका गृहस्थाने रीतसर लिहिलं होतं, ‘सदर ड्रायव्हरच्या चालवण्यामुळे झोप लागली व उतरण्याचे ठिकाण दोनदा चुकले, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ साहेबांनी ते पान सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. अंगाईने त्या पानाची नक्कल मागून घेतली आणि घडी घालून पाकिटात ठेवली. ती अजून तिथेच होती.

आणि इतकी वर्षं त्याच्या संसारात असून सिस्टर त्याच्या बसमध्ये एकदाही बसली नव्हती. तो पहाटे निघायचा, ती दुपारी. तो परतायचा तेव्हा ती वॉर्डात कुणाचा तरी ताप बघत असायची. तो म्हणायचा, “माझ्या शेवटच्या फेरीला यायचं हं. पहिल्या सीटवर बसायचं. तिकीट काढून, फुकट नाही.” तिने शब्द दिला होता. निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते, तेव्हा सकाळी बूट घालताना तो खुर्चीवरून एका बाजूला कलला. शेवटची फेरी दुसऱ्याच कुणीतरी नेली.

तेव्हापासून तिचा एक नेम होता. सकाळी स्वतःचा चहा घेण्याआधी त्याचं उजवं पाऊल हातात घ्यायचं आणि देवाचं नाव घेत शंभर वेळा वर-खाली करायचं. पाण्याचा घोटसुद्धा त्यानंतर. कधी मध्येच तो विचारायचा, “किती... झाले?” ती सांगायची, “मोजत नाही, नाव घेतेय. नाव संपलं की सांगते.” तो म्हणायचा, “तुझ्या देवाला... पाठ झाला असेल... माझा पाय.”

दुसरा नेम त्याहून जुना. नर्सचा पांढरा वेश पहिल्यांदा अंगावर चढवला तेव्हाचा. रुग्णाशी खोटं बोलायचं नाही. ‘घाबरू नका’ म्हणायचं, पण दुखणार असेल तर ‘दुखणार नाही’ म्हणायचं नाही. एकतीस वर्षं तिने तो सांभाळला होता.

तो नेम पंधरा दिवसांपूर्वी मोडला. ती मटार सोलत बसली होती आणि तो आतल्या खोलीत पडद्यावरची पिवळी बस चालवत होता. कुठल्याशा नसलेल्या गावातले नसलेले रस्ते. स्टॉप आला, बसने गचका दिला. पुढच्याला पुन्हा. त्याने चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि मान न वळवता विचारलं,

“मी... की मशीन?”

“मशीनच,” ती म्हणाली. विचार न करता, शेंगा सोलता सोलता.

त्याने हात पुन्हा चाकावर ठेवले. मग म्हणाला, “तू... खरं बोलतेस. नेहमी.”

त्या रात्री देवापुढे हात जोडताना तिची नजर वर जाईना.

“माझी एक रीत आहे,” दुकानवाली आता म्हणत होती. “कार्ड डब्यात बसवून देते. आठ दिवस घरी वापरा. फरक पडला तर ठेवा, नाही पडला तर निमूट परत आणा. मी तोंड वाकडं करणार नाही. कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तोही घालून देते आत.”

“ड्रायव्हर आहे आमच्याकडे. घरीच बसलाय.”

दुकानवाली हसली, आणि कितीतरी दिवसांनी सिस्टरही.

घरी आल्यावर तिने तारा जोडल्या. काढतानाच तिने प्रत्येक तारेला वॉर्डातली चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर आकडा घातला होता, आणि त्या त्या भोकाशेजारी तोच आकडा. एकला एक, दोनला दोन, तीनला तीन. जिथलं तिथे. सलाइनची नळी असो की मिठाची बरणी, तिच्या हातून कधी इकडची तिकडे झाली नव्हती. पाच मिनिटांत पडदा उजळला.

“बसा,” ती म्हणाली.

तो बसला. चाकावर हात ठेवण्याआधी तळवे विजारीला पुसले, डेपोत पुसायचा तसे. बस निघाली. ती मागे दाराशी उभी राहिली, मनात नाव घेत. पहिला स्टॉप आला.

गचका.

दुसऱ्या स्टॉपला तसाच. तिसऱ्याला तर बस थांबली, मग पुढे गेली, मग थांबली, आणि पडद्यावरच्या आजीबाईंच्या हातातली पिशवी हवेत लटकून राहिली.

“फरक?” त्याने विचारलं.

मशीनच, असं म्हणायला जीभ उचलली होती तिने. पण एकदा मोडलेला नेम दुसऱ्यांदा मोडवेना.

“नाही,” ती म्हणाली. “फरक नाही.”

“मग... मीच.”

त्याने सावकाश वाकून बटण बंद केलं. पडदा काळा झाला आणि त्यात दोघं दिसू लागली, तो बसलेला, ती मागे उभी.

“रविवारी... लेक येईल. चाक... देऊन टाक.”

“अहो, इतक्यात काय घाई आहे?”

“लोकांना... धक्के द्यायला... बसायचं का?” तो म्हणाला. पडद्यावरची माणसं खोटी आहेत, हे सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याला ते ठाऊक होतं. तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाऊल हातात घेतलं तेव्हा त्याने ते काढून घेतलं नाही, पण मदतही केली नाही. शंभर वेळा तिने एक मेलेलं वजन वर-खाली केलं. त्या दिवशी चहाला चवच नव्हती. त्यानेही कप अर्धा ठेवला.

शनिवारी वॉर्डातून सुटल्यावर ती तो डबा घेऊन दुकानात गेली. चादर उलगडली.

“परत आणलं,” ती म्हणाली. “काही फरक नाही. तुम्ही म्हणाला होतात, तोंड वाकडं करणार नाही.”

“नाही करत. पण असं होऊ नये हो. थोडा तरी फरक पडायलाच हवा.” दुकानवालीने डबा वळवला, मागची बाजू दिव्याखाली धरली आणि बघतच राहिली. “ताई, पडद्याची तार कुठे लावली होतीत?”

“तीन नंबरला. हे काय, लिहिलंय ना.”

“तीन नंबर हे जुनं भोक आहे. कार्डाचं भोक हे, खाली. बघा, त्याचं टोपणसुद्धा निघालेलं नाही.”

सिस्टरने चष्मा पुसून पाहिलं. डब्याच्या तळाशी एक आडवी पट्टी होती आणि तिच्या तोंडावर छोटंसं काळं टोपण, अगदी नवंकोरं, घट्ट बसलेलं.

“अहो, नवी जाऊ आणलीत आणि दाराबाहेरच उभी केलीत! आत सगळं काम अजून जुनीच करतेय. चूक माझी म्हणा. सांगायला हवं होतं मी.”

सिस्टर स्टुलावर बसली.

“एकतीस वर्षांत,” ती म्हणाली, “मी कधी चुकीच्या जागी नळी लावली नाही.”

“आत्ताही नाही लावलीत. जुन्या जागी लावलीत.” दुकानवालीने नखाने तीन नंबरची चिकटपट्टी अलगद सोडवली, टोपण काढलं आणि नव्या भोकाशेजारी ती पट्टी दाबून बसवली. मग टोपण सिस्टरच्या तळहातावर ठेवलं. “हे ठेवा. पुढच्या वेळी कुणाला काही जोडून दिलंत, तर आधी टोपण बघायचं.”

रविवारी सकाळी लेक यायच्या आत तिने तारा जोडल्या. तो पेपर पुढे धरून बसला होता. वाचत नव्हता.

“एकदा बसा,” ती म्हणाली.

“बघितलं... ना.”

“नाही बघितलं. माझी चूक झाली होती. तार चुकीच्या भोकात होती.”

त्याने पेपर खाली केला. “तुझी?”

“माझी.”

“चूक?” त्याच्या अर्ध्या ओठाला हसू फुटलं. “लिहून... ठेवतो. तक्रारवहीत.”

तो उठला, भिंतीला हात लावत आत आला, बसला. तळवे पुसले. बस निघाली, आणि सिस्टरच्या तोंडून नकळत “अगंबाई” निघालं. रस्ता पाण्यासारखा वाहत होता. झाडं एकामागून एक नीट मागे जात होती, अडत नव्हती, उड्या मारत नव्हती. दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या. त्याचे खांदे थोडे खाली आले. ते किती वर चढलेले होते, हे तिला तेव्हाच कळलं.

पहिला स्टॉप आला. छत्री घेतलेला माणूस, पिशवीवाल्या आजीबाई. चित्र कुठेही थांबलं नाही. आणि बसने मान खाली घालून गचका दिला.

बस पुन्हा निघाली.

दुसरा स्टॉप. चित्र स्वच्छ. गचका.

त्याने बस कडेला घेऊन उभी केली, इंडिकेटर लावून, नियमाप्रमाणे. मग विचारलं, “आता?”

नाव घ्यायचंही ती विसरली होती. त्याच्या पाठीकडे बघत ती म्हणाली, “आता तुमचा पाय.”

त्याने मान हलवली. एकदा, पुन्हा एकदा. ती पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, तोच तो खांदा हलू लागला. तो रडतोय असं तिला वाटलं. पण तो हसत होता. आजारपणानंतर पहिल्यांदा, आवाज करून, तोंड वेडंवाकडं करून हसत होता.

“पाय ना?” तो म्हणाला. “पाय... माझाय. मशीन मला... येत नाही. पायाला... शिकवता येतं. किती पोरं... शिकवली.” श्वास घेऊन त्याने उजव्या गुडघ्यावर थाप मारली. “ए बाबा. ब्रेक... मारायचा नसतो.”

संध्याकाळी लेक आली. आल्या आल्या म्हणाली, “आई, तू फोनवर म्हणालीस चाक परत न्यायचंय, मी गाडीत जागा करून आलेय!”

“राहू दे जागा,” सिस्टर म्हणाली. “जाताना भाजी ने त्यात.”

सोमवारी ती दुकानात गेली.

“मग? पडला फरक?”

“पडला. सगळा दोष आता त्यांच्या पायाचाच निघाला.”

दुकानवाली गोंधळली. “मग परत घेऊ?”

“छे. त्यासाठीच तर ठेवतेय.” आणि तिने पर्स उघडली.

यानंतर रोज सकाळी तिच्या हातातलं पाऊल मेलेलं राहिलं नाही. ते तिच्या तळव्याला उलट दाबू लागलं. आधी जोरात, धसकन, जणू समोर कुणी आडवं आलंय. ती म्हणायची, “हळू. मागं कुणीतरी झोपलंय.” तो म्हणायचा, “मला... शिकवतेस?” आणि पुढचं दाबणं थोडं हळू यायचं. देवाचं नाव आणि ब्रेक यांची हळूहळू एकच लय झाली. दुपारी ती कामावर गेली की तो एकटा फेऱ्या मारायचा. परतल्यावर ती विचारायची, “आज किती?” तो बोटांनी सांगायचा, अकरा स्टॉपपैकी किती गचक्याविना गेले. तीन. पाच. पुन्हा दोन, त्या दिवशी जेवण निम्मं उरलं. मग सहा. सात.

एकदा ती लवकर घरी आली तर पडद्याशेजारी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला होता. “हा कशाला?” तिने विचारलं. टेबल तर हलत नव्हतं, पडद्यातली बस पाणी सांडणार कसं? तो ओशाळला. “सवय,” म्हणाला. “पोरांना शिकवताना... ठेवायचो.”

असेच अडीच-तीन महिने गेले. एका बुधवारी पाऊल तिच्या हातात असतानाच तो म्हणाला,

“उद्या. साडेतीनची. शेवटची फेरी.”

“कुणाची?”

“माझी. मग... रिटायर.” तो थांबला. पुढचा शब्द त्याला सापडत होता, पण तो मुद्दाम वेळ घेत होता असं तिला वाटलं. “पहिली सीट... रिकामी आहे.”

तिने शंभर पूर्ण केले. मग पाऊल चपलेत नीट ठेवलं आणि चहाला गेली. पातेल्यावर वाफ जमेपर्यंत तिचे डोळे भरून आले होते, पण ते तिने वाफेवर ढकललं.

वॉर्डात जाऊन तिने अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज घेतला. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडला. आजारपण लिहिणं खोटं झालं असतं. घरगुती काम म्हणणंही खरं नव्हतं. तिने विचार करून लिहिलं, ‘प्रवास’.

मेट्रन बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “तुम्ही? प्रवास? कुठे निघालात?”

“पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत,” सिस्टर म्हणाली. मेट्रन बाईंनी आणखी काही न विचारता सही केली.

गुरुवारी सव्वातीनला तिने गॅस बंद केला, देवापुढे क्षणभर डोळे मिटले. लेकीच्या लग्नातलं निळं पातळ नेसली. केस पुन्हा विंचरले. बाहेरच्या चपला घरात कधी न घालणाऱ्या त्या बाईने आज चपला घातल्या आणि पट्टे नीट लावले. पर्समध्ये तिकिटापुरते सुटे आहेत का, ते बघितलं. तळाशी ते छोटं काळं टोपण बोटाला लागलं. ते तिने तिथेच राहू दिलं.

आतल्या खोलीत त्याने आपल्या खुर्चीमागे एक खुर्ची मांडून ठेवली होती, खिडकीच्या बाजूला. ती तिने सकाळीच बघितली होती आणि न बघितल्यासारखं केलं होतं.

इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. साडेतीनला दोन मिनिटं कमी होती, आणि अंगाई कधी कुणासाठी थांबत नसे. स्वयंपाकघरापासून आतल्या खोलीपर्यंत अकरा पावलं. सिस्टरने पर्स खांद्याला लावली, पदर सारखा केला आणि बस गाठायला निघाली.